रिळाचं झाकण

शाळा उघडायला दहा दिवस राहिले की मावशीच्या घरात पाऊल टाकायला जागा उरत नाही. पलंगावर शर्टांचे गठ्ठे, खुर्च्यांच्या पाठीवर स्कर्ट, जेवणाच्या टेबलावर खडूच्या रेघा मारलेलं निळं कापड आणि मधोमध मशीन. गणवेशाच्या दुकानातून कापलेलं कापड येतं, मावशी ते शिवते, काज पाडते, बटणं लावते, इस्त्री मारून परत पाठवते. पस्तीस वर्षं हेच चाललंय. आपलं पोर सुट्टीत चार बोटं वाढलं, हे तमाम आयांना नेमकं शेवटच्या आठवड्यात कळतं, त्याला ती तरी काय करणार!

अशा ऐन गर्दीत ते पार्सल आलं. मावशीला वाटलं, दुकानाने बटणं पाठवली. कात्रीने टेप कापली तर आत पुस्तक. जाडजूड, गुळगुळीत, वर टोमॅटोचा असा फोटो की हात लावला तर बोटाला रस लागेल. नाव होतं ‘सुट्टी संपताना’ आणि खाली बारीक अक्षरांत, ‘दहा मिनिटांत होणारी ताजी उन्हाळी पास्ता-जेवणं’. लेखिका म्हणजे मावशीच्या बहिणीची मुलगी, भिंगरी.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी मावशीने शिवलेला कुठलाही स्कर्ट अंगात घातला की ती आधी स्वतःभोवती गरागरा फिरून बघायची, घेर पुरेसा फुगतोय की नाही ते. म्हणून मावशीने ठेवलेलं नाव. आता भिंगरी चौतीस वर्षांची. स्वयंपाकाचे व्हिडिओ करते, लाखांनी लोक बघतात. मावशीही बघते, शिवता शिवता, फोन बॉबिनच्या डब्याला टेकवून. मावशीचं लग्न झालं नाही, मूलबाळ नाही, जीव लावायला ही एकच. पण तिच्या ‘मावशी, मावशी’मुळे अख्खी गल्ली हिला मावशी म्हणायला लागली. दुकानदारसुद्धा म्हणतो, आणि तो हिच्याहून आठ वर्षांनी मोठा आहे.

तर मावशीने हात पुसले, शिवणाचा चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं.

‘माझ्या आईला. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यातल्या संध्याकाळी तू दहा मिनिटांत जे करायचीस, त्याची चव मला अजून कुठे सापडलेली नाही.’

मावशीने ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, तिसऱ्यांदा वाचलं. मग पुस्तक मिटून बटणांच्या डब्याखाली ठेवलं आणि ज्या शर्टाला सहा काज पाडायची त्याला सात पाडून बसली.

आईला! अहो, त्या संध्याकाळी जी या घराकडे फिरकलीसुद्धा नाही, तिला?

भिंगरीची आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. आपण तिला धाकटीच म्हणू, मावशीही तेच म्हणते. दिसायला देखणी, बोलायला गोड आणि कामाच्या वेळी नेमकी दुसरीकडे. एका मोठ्या हॉटेलात ती स्वागताच्या काउंटरवर असायची. लोकांची सुट्टी म्हणजे हॉटेलचा हंगाम, म्हणून पोर पाच वर्षांची झाली त्या उन्हाळ्यापासून दर सुट्टीला तिची रवानगी मावशीकडे. त्याबद्दल मावशीची तक्रार नव्हती. उलट बाकीचे दहा महिने ती त्या दोन महिन्यांची वाट बघत काढायची. तक्रार होती ती शेवटच्या आठवड्याची. हंगाम संपायचा, हॉटेल रिकामं व्हायचं आणि धाकटीचा फोन यायचा, "ताई, सोमवारी येते हं न्यायला. नक्की. तू काही रांधत बसू नकोस, मी आले की आपण तिघी मस्त बाहेर जेवू."

झालं. सोमवारी भिंगरीची बॅग भरून दाराशी. भिंगरी आंघोळ करून, वेणी घालून, नवाकोरा फ्रॉक घालून पायरीवर. गल्लीच्या तोंडाशी बसथांबा आहे, तिथे शहराकडून संध्याकाळच्या तीन बस यायच्या. साडेपाचची, सव्वासहाची आणि सातची. मावशीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून थांबा दिसतो. पोर पायरीवरून बघायची, मावशी खिडकीतून. साडेपाचच्या बसमधून चार-पाच माणसं उतरायची, त्यांत धाकटी नसायची. सव्वासहाच्या बसमधून दोन उतरायची. सातच्या बसमधून कधी कधी कुणीच नाही, नुसता ड्रायव्हर पाय मोकळे करायला उतरायचा.

सात वाजून गेल्यावर पोरीच्या पोटात कावळे कोकलायला लागायचे, आणि डोळे तर आधीच भरलेले. आता दहा मिनिटांत काय होईल? टेबलावर पंचवीस स्कर्ट पसरलेले, फ्रिज रिकामा, कारण उद्या पोर जाणारच तर भाजी आणून कुणासाठी ठेवायची? पास्ता होईल. एकीकडे पाणी उकळत ठेवायचं आणि हाताला लागेल ते ताजं ताजं तोडून आणायचं. खिडकीत बेसिलची कुंडी होती, बाजूच्या अंगणात रंगाच्या जुन्या बादलीत टोमॅटोचं झाड होतं. पहिल्या संध्याकाळी कच्चे टोमॅटो चिरून, मीठ, ठेचलेला लसूण, बेसिल आणि तेल, त्यावर गरम गरम पास्ता ओतायचा. दुसऱ्या दिवशी कणसाचे कोवळे दाणे सुरीने उतरवून लोण्यात परतलेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या झाडाचं लिंबू आणि किसलेलं चीज. चौथ्या दिवशी कोवळ्या झुकिनीच्या सोलाण्याने काढलेल्या पातळ फिती, इतक्या पातळ की शिजवायलाच नकोत. पाचव्या दिवशी पुन्हा टोमॅटो. आणि शाळेच्या आदल्या दिवशी, नाकाचा शेंडा उन्हाने लाल झालेला, काखेत पोरीएवढी बाहुली, अशी धाकटी अवतरायची. "जरा श्वास घेतला गं ताई. मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेले होते." आणि भिंगरी सगळं विसरून तिच्या गळ्यात पडायची.

असे सहा उन्हाळे. पास्त्याला दहा मिनिटं पुरतात हे पुस्तकात बरोबर लिहिलंय. त्याआधीच्या दोन तासांबद्दल मात्र चकार शब्द नाही.

पुस्तक डब्याखाली ठेवलं तरी मावशीला राहवेना. शर्टाचं सातवं काज दोऱ्याने बुजवून टाकलं आणि तिने पुन्हा पुस्तक काढलं. मधल्या पानावर एक चौकट होती, ‘आईची युक्ती’. ‘पाणी गाळण्याआधी झाकण उचलून पातेल्यावर तीनदा आपटावं. कोंडलेली वाफ सुटते आणि पास्ता मोकळा राहतो.’ मावशीला आधी हसूच फुटलं. म्हणजे आता लाखभर लोक आपापल्या स्वयंपाकघरांत झाकणं बडवत बसणार! मग तिचं हसू तिथल्या तिथे विरलं. कारण हे वाफेचं खूळ पोरीच्या डोक्यात घातलं होतं कुणी? खुद्द मावशीनेच.

ते झाकण तसं साधंच. अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या पातेल्याचं. त्याची मूठ एकदा तुटली तेव्हा मावशीने दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ मधोमध स्क्रूने पक्कं केलं, ते आजवर हललेलं नाही. सातची बस निघून गेली की मावशी ते झाकण पातेल्यावर तीनदा वाजवायची. ठण, ठण, ठण. म्हणजे भिंगरे, आता ऊठ, आत ये, आजच्या बस संपल्या. ‘आई आज येत नाही’ हे शब्द तोंडातून काढायचे तिच्या जिवावर यायचं, म्हणून तिने ते काम झाकणाला दिलं होतं. पोरीने एकदा विचारलं, "मावशी, रोज झाकण कशाला वाजवतेस?" तर ही म्हणाली, "वाफ सुटते गं, पास्ता मोकळा होतो."

आणि एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पोर जेवायला बसायची, दोन घास घेऊन हुंदके द्यायला लागायची. तेव्हा मावशी उठून बाहेरच्या खोलीत जायची, फोन कानाला लावायची आणि मोठ्याने बोलायची, "हॅलो? हं, बोल. बसतेय जेवायला. अगं हो, तू सांगितलंस तसाच केलाय, टोमॅटोचा. उद्या कणसाचा? बरं, बरं. सांगते तिला." पलीकडे कुणी नाही, नुसती टूंऽऽ. आत येऊन म्हणायची, "आईचा होता फोन. विचारत होती, तिने शिकवलेला पास्ता आवडला का. उद्या कणसाचा करायला सांगितलाय तिने." की भिंगरी डोळे पुसून ताट चाटूनपुसून साफ करायची. आईने सांगितलेलं ना!

मावशीने आपल्या हाताने, एकेक टाका घालून, धाकटीला त्या स्वयंपाकघरात बसवलं होतं. आता ते सगळं तिच्यासमोर चकचकीत कागदावर छापून आलं होतं. रागवायचं तरी कुणावर?

पण तिला राग आला. का येऊ नये? आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचे गणवेश शिवले, त्यांच्या खिशांवर शाळेची नावं लावली, स्वतःचं नाव कशावर लावायची वेळ आली नाही. एक ही पोर होती. जगाने काही म्हणू नये, पुस्तकाने छापू नये, चालेल. भिंगरीने एकदा, फक्त एकदा, चार माणसांत म्हणावं, ‘हे माझ्या मावशीच्या हातचं.’ एवढंच मावशीला हवं होतं. तिने मनाशी ते स्पष्ट शब्दांत म्हटलं आणि म्हटल्यावर स्वतःचीच लाज वाटून जोरजोरात मशीन चालवलं.

दोन दिवसांनी भिंगरीचा फोन.

"मावशी, पुस्तक मिळालं?"

"मिळालं."

"कसं वाटलं?"

"कागद चांगला आहे."

भिंगरी खळखळून हसली. "ऐक ना. पुस्तकासाठी एक व्हिडिओ करायचाय. तुझ्या स्वयंपाकघरात. जिथे ते सगळं झालं, तिथेच. गुरुवारी दुपारी येऊ? तुझं काम आहे माहितेय, पण दोन-तीन तासच."

मावशीने हातातला शर्ट बाजूला ठेवला. म्हणजे पोरीच्या लक्षात आहे! आईला अर्पण करायची रीत म्हणून केलं असेल, पण स्वयंपाकघर कुणाचं ते विसरली नाही. माझ्याच स्वयंपाकघरात म्हणजे आणखी काय? "या की," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण उभ्या आहोत.

त्या आठवड्यात मावशी पहाटे चारला उठून मशीनवर बसली, गुरुवार मोकळा ठेवायचा म्हणून. खिडकीचा पडदा धुतला. पातेलं घासून घासून असं केलं की त्यात तोंड दिसावं. आणि कामाच्या गठ्ठ्यांमधून वेळ चोरून दोन एप्रन शिवले. पिवळ्या जाड कापडाचे, पुढे मोठा खिसा, खिशाला दुहेरी शिलाई. एक भिंगरीच्या मापाचा, एक आपल्या. गळ्यात घालून आरशासमोर उभी राहिली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. शेजारीण पीठ मागायला आली तर म्हणाली, "काय मावशी, या वयात सिनेमात जाताय की काय?"

"जातेय," मावशी म्हणाली. "तुला काही हरकत?"

गुरुवारी दुपारी गाडी आली. पुढून भिंगरी उतरली, तिच्यामागून कॅमेरेवाली पोरगी. आणि मागच्या सीटवरून, केस नीट बसवलेली, फिकट जांभळ्या कपड्यांतली, धाकटी. सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळेला. तीस वर्षांत पहिल्यांदाच. मावशी दारातच थबकली.

"ताईऽऽ!" धाकटीने मिठी मारली. "किती वाळलीस गं! स्वतःकडे बघत नाहीस अजिबात."

आत आल्यावर भिंगरीची नजर खुर्चीवर घडी घालून ठेवलेल्या एप्रनांवर गेली. "अय्या, दोन दोन! मावशी, कमाल आहेस तू. आम्ही आणायलाच विसरलो होतो." तिने एक स्वतः घातला. दुसरा उचलून आईच्या गळ्यात अडकवला आणि मागून बंद बांधला. मावशी बघत राहिली. तिच्या मापाचा एप्रन धाकटीला थोडा आखूड झाला, पण कॅमेऱ्यात पोटापर्यंतच दिसणार होतं.

आता म्हणाल, तिने तेव्हाच तोंड का उघडलं नाही? अहो, तोंड उघडायला कुणी विचारावं तर लागतं. तिला विचारलं ते एवढंच, "काकू, हे मशीन फ्रेममध्ये येतंय. बाहेर ठेवलं तर चालेल?" कॅमेरेवाली गरीब, तिला काय ठाऊक. दोघींनी मिळून मशीन बाजूच्या अंगणात नेलं, वर चादर टाकली. गणवेशांचे गठ्ठेही गेले. स्वयंपाकघर पहिल्यांदाच असं रिकामं, ऐसपैस दिसायला लागलं, कधी कुणी त्यात घाई केलीच नव्हती असं.

भिंगरी दिवे लावत होती तेवढ्यात धाकटीने मावशीला हाताला धरून कोपऱ्यात ओढलं आणि हळूच म्हणाली, "ताई, हे टोमॅटो आधी शिजवायचे ना गं?"

"शिजवायचे नाहीत. चिरून मीठ लावून ठेवायचे. पाणी उकळेपर्यंत. मी ठेवलेत, त्या वाडग्यात बघ."

"आणि पाण्यात मीठ?"

"मूठभर. घाबरायचं नाही."

"बाई गं, मूठभर!" धाकटी हसली. "तू ना, देवासारखी आहेस. मला तर अंडंसुद्धा धड उकडता येत नाही, भिंगरीला माहितेय. पण ती म्हणाली, आई, तूच हवीस."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने शिकवलं. लसूण कसा ठेचायचा, बेसिल सुरीने न चिरता हातानेच का तोडायचं, पास्त्याचं वाटीभर पाणी बाजूला कशाला काढायचं, सगळं. न शिकवून करते काय? व्हिडिओ फसला असता तर हसं धाकटीचं झालं नसतं, पोरीचं झालं असतं.

मग मावशी बाहेर अंगणात, चादर घातलेल्या मशीनशेजारी स्टुलावर जाऊन बसली. आत जागा कमी होती आणि आवाज चालत नव्हता. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"आणि आता बघा हं," भिंगरी कॅमेऱ्याशी बोलत होती, "हे ते फेमस झाकण! आई, हे रीळ कसं काय लावलंस?"

"अगं, मूठ तुटली होती," धाकटीचा गोड आवाज. "मी म्हटलं, टाकायचं कशाला? घरात रीळ पडलं होतं, दिलं लावून. काटकसर हो, दुसरं काय!"

घरात रीळ पडलं होतं म्हणे! जी आजही सुटलेलं बटण पाकिटात घालून ताईकडे पाठवते, तिच्या घरात रीळ! मावशी वाट बघत होती. आता भिंगरी म्हणेल, अजूनही म्हणेल, ‘आणि हे घर माझ्या मावशीचं.’

ठण. ठण. ठण.

मावशी उभीच राहिली. मान आपोआप वळली ती थांब्याकडे. भर दुपारी थांबा मोकळा होता, एक म्हातारा सावलीला बसून केळं खात होता. आत सगळ्या टाळ्या वाजवून हसल्या, "परफेक्ट!" म्हणाल्या, आणि काम संपलं. मावशीचं नाव आलं नाही.

कॅमेरेवालीने खिडकीतून एक बशी पुढे केली. "काकू, घ्या ना थोडं." मावशीने एक घास घेतला. मीठ कमी होतं. मूठभर सांगूनही धाकटीने चिमटीनेच घातलं होतं.

सामान आवरून झालं. धाकटी दमली म्हणून गाडीत जाऊन बसली, एप्रन अंगातच. कॅमेरेवाली दिवे बाहेर नेत होती. भिंगरी ओट्याशी उभी राहून पातेलं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "मावशी, हे मी नेते हं. पुस्तकाच्या कार्यक्रमात स्टेजवर मांडायचंय. झाकण पण. नंतर परत आणून देईन, नक्की."

त्या ‘नक्की’ने मावशीच्या आत कुठेतरी टाका उसवला.

"भिंगरे, एक विचारू? तुला खरंच आठवतं, तुझी आई इथे उभी राहून पास्ता करायची?"

भिंगरीचे हात थांबले. ती हळूच म्हणाली, "मावशी, तो फोन कधी वाजायचाच नाही."

"काय?"

"फोन. तू उठून जायचीस आणि बोलायला लागायचीस. पण आधी घंटा वाजल्याची मी कधी ऐकली नाही. सहा-सात वर्षांची होते, तेव्हाच कळलं होतं मला. तुला वाईट वाटू नये म्हणून काही बोलले नाही."

सहा उन्हाळे मावशी पोरीला सांभाळत होती, आणि पोर तिला.

"मग माहीत असून आईचं नाव घातलंस?"

"मी आधी तुझंच लिहिलं होतं. खरंच." भिंगरीने वर बघितलं. डोळे भरले होते, पण बोलणं तयार होतं. "प्रकाशकबाई म्हणाल्या, आई हवी. मावशी म्हटलं की लोक विचारतात, मग आई कुठे होती? आणि ते सांगायला लागलं की ते पास्त्याचं पुस्तक राहत नाही. आनंदी पुस्तक आहे ते, मावशी. आणि आईला केवढं बरं वाटलं. आता या वयात तिला आणखी काय आहे?"

"आणि मला?"

"तू समजून घेतेस ना. तू नेहमीच घेतेस."

एवढं मात्र मावशीला सोसलं नाही. एरवी गिळलं असतं, आजवर गिळतच आली होती. "मग आणखी एक समजून घे," ती म्हणाली. "झाकण मी वाफेसाठी वाजवत नव्हते. सातची बस निघून गेली, आणि तुझी आई तिच्यात नव्हती, हे तोंडाने सांगवत नव्हतं म्हणून वाजवायचे. पायरीवरून तू आत यावंस म्हणून. पुस्तकात वाफ लिहिलीस, ती वाफ नव्हे."

भिंगरीचा चेहरा एकदम पाच वर्षांचा झाला. फोनचं तिला माहीत होतं. हे नव्हतं. तेच झाकण लाखभर लोकांना तिने खुशीने वाजवायला लावलं होतं. आणि एवढं बोलून मावशीला हलकं वाटलं का? काडीचंही नाही. तीस वर्षं जे पोरीपासून लपवलं ते एका रागात तिच्या पदरात घातलं, आणि आता ते परत घेता येत नव्हतं. तिला वाटलं, पोरीला जवळ घ्यावं. पण तिने हात उचलले नाहीत. पोरीनेही उचलले नाहीत.

बाहेरून धाकटीची हाक आली, "अगं चला की! उशीर होतोय मला."

भिंगरीने नाक ओढलं, पातेलं काखेत मारलं आणि झाकणाकडे हात केला. मावशीने त्याआधीच रीळ धरून झाकण उचललं होतं.

"पातेलं ने. झाकण राहू दे."

"मावशी, लोक झाकणच विचारतील गं. सगळ्यांना तेच बघायचंय."

"विचारू देत."

"मी काय सांगू त्यांना?"

"सांग, आईने हरवलं."

भिंगरी मान खाली घालून गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, धाकटीने काचेतून हात हलवला असेल किंवा नसेल, मावशी दाराशी गेलीच नाही. तिने मशीन एकटीने ढकलत आत आणलं, गठ्ठे पुन्हा पलंगावर, खुर्चीवर, टेबलावर रचले आणि राहिलेले शर्ट शिवायला घेतले. शाळा सोमवारी उघडायची होती.

संध्याकाळी साडेपाचची बस गेली, सव्वासहाची गेली. सात वाजून गेल्यावर तिला भूक लागली. वाडग्यात टोमॅटो उरले होते, बेसिल होतं, पास्त्याचं अर्धं पाकीट होतं. तिने मधल्या आकाराचं पातेलं काढलं, झाकण ठेवून बघितलं, ते वरून घसरलं. छोट्या पातेल्यावर ठेवलं, तर बाहेर लोंबायला लागलं. घरात होती नव्हती ती सगळी पातेली काढून बघितली. ते कशालाच बसलं नाही.